पेंढा भरलेले गाव

संग्रहालय हा शब्द उच्चारला की आपल्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. दगडी इमारत, उंच छत, काचेच्या कपाटांत मांडलेली भग्न शिल्पे, गंज चढलेल्या तलवारी आणि प्रत्येक दालनाच्या तोंडाशी 'हात लावू नये' अशी पाटी. तेथे गेलेला माणूस आपोआप आवाज खाली आणतो, हात पाठीमागे बांधतो आणि चेहऱ्यावर गांभीर्य धारण करतो. अशा ठिकाणी कोणी खदखदून हसला, तर पहारेकरी त्याच्याकडे वळून पाहील. प्रस्तुत लेखकाने मात्र एक असे संग्रहालय पाहिले आहे, की जेथे न हसणाऱ्या माणसाकडेच इतरांनी वळून पाहावे. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, चहूकडे शेतेच शेते असलेल्या टॉरिंग्टन नावाच्या छोट्याशा वस्तीत ते आहे. 'गोफर होल म्युझियम' हे त्याचे नाव. आपल्या भाषेत सांगायचे तर 'खारीच्या बिळाचे संग्रहालय'.

तेथे जाण्याचा योग आला तो एका जुन्या ऋणानुबंधामुळे. माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक कुटुंब वसईहून जाऊन कॅल्गरी शहरात स्थायिक झाले आहे. त्यांच्याकडे काही दिवस मुक्काम होता. बर्फाची टोपी घातलेले रॉकी पर्वत पाहून झाले, हिरव्यानिळ्या पाण्याची सरोवरे पाहून झाली. एके रात्री जेवणाच्या वेळी यजमान अत्यंत गंभीर मुद्रेने म्हणाले, "फादर, तुम्हांला इतिहासाची आवड आहे. उद्या तुम्हांला इथला खरा इतिहास दाखवतो." त्यांची मुले ताटात तोंड खुपसून हसत होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. परंतु लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय धर्मगुरूला जडलेली असते.

कॅल्गरीहून ईशान्येकडे मोटारीने साधारण दीड तासाचा रस्ता आहे. शहर मागे पडले आणि भूमी एकदम सपाट झाली. जुलै महिना होता. मोहरीच्या कुळातले कॅनोला नावाचे पीक फुलले होते. क्षितिजापर्यंत पिवळाधमक रंग, मध्येच गव्हाचा हिरवा पट्टा. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे. मैलोगणती माणूस दिसत नव्हता. दिसत होती ती रस्त्याच्या कडेला मागच्या दोन पायांवर ताठ उभी राहून आमच्या मोटारीचे निरीक्षण करणारी छोटी तपकिरी जनावरे. मोटार जवळ आली की ती शीळ घातल्यासारखा आवाज करीत आणि क्षणात बिळात नाहीशी होत. "हेच आपले आजचे यजमान," मागच्या बाकावरून थोरल्या मुलीने मला माहिती पुरविली.

टॉरिंग्टनच्या वेशीवर याच जनावराचा सुमारे बारा फूट उंचीचा पुतळा प्रवाशांचे स्वागत करतो. त्याला रीतसर नावही आहे: क्लेम टी. गोफर. गावातील रस्त्यांच्या कडेला आग विझविण्यासाठी पाण्याचे जे ठेंगणे लोखंडी नळ असतात, तेही रंगवून गोफर करून टाकले आहेत. गावाची वस्ती दोनशेच्या आत. रस्त्यावर शांतता इतकी, की मोटारीचे दार लावल्याचा आवाज आपल्यालाच मोठा वाटावा. अशा गावात, एका साध्या छोट्या इमारतीत हे जगप्रसिद्ध संग्रहालय नांदते. 'जगप्रसिद्ध' हे विशेषण माझे नव्हे, त्यांचेच आहे. आणि ते खोटे नाही, हे पुढे कळेल.

आत गेल्यावर भिंतींना लागून ओळीने बसविलेल्या काचेच्या छोट्या छोट्या पेट्या दिसतात. असे चाळीसहून अधिक देखावे आहेत. प्रत्येक पेटीत पेंढा भरलेले एक-दोन गोफर आहेत. सारे मिळून सत्तरच्या वर भरतील. त्यांना माणसांचे कपडे शिवून घातले आहेत, हातांत माणसांची अवजारे दिली आहेत, आणि मागे स्थानिक चित्रकर्तीने रंगविलेले पडदे आहेत. एका पेटीत केशकर्तनालय आहे. गोफरबाई केस करून घ्यायला बसल्या आहेत. दुसऱ्या पेटीत दोन गोफर बिलियर्ड्स खेळत आहेत. एकीकडे लाल डगल्यातला घोडेस्वार पोलीस ऐटीत उभा, तर दुसरीकडे बँकेवर दरोडा घालणारा चोर. काही पात्रांच्या तोंडी चित्रकथेतल्याप्रमाणे कागदी संवादही चिकटविले आहेत. मुले एका पेटीकडून दुसरीकडे धावत होती. मीही हसलो, अगदी मनापासून हसलो. मग एका पेटीपुढे येऊन थांबलो. आत चर्च होते. प्रवचन करणारा एक गोफर पाळक होता आणि वर देवदूत झालेला दुसरा गोफर. यजमानांनी एकदा त्या पाळकाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. पण जुन्या धर्मग्रामाची मर्यादा राखून ते काही बोलले नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलाने मात्र ती मर्यादा राखली नाही. "फादर, हा तुमच्यासारखाच हात वर करतो!" तो ओरडला.

हसू ओसरल्यावर मनात एक प्रश्न राहिला. या लोकांनी असे का केले असावे? दोनशे माणसेही नसलेल्या गावाने, आपल्या शेतातली खार पकडून, तिच्यात पेंढा भरून, तिला न्हाव्याचे आणि पाळकाचे कपडे का घालावेत? त्याचे उत्तर शोधायचे तर त्या भूमीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

ज्याला तेथील लोक गोफर म्हणतात तो प्राणिशास्त्राच्या दृष्टीने खरा गोफर नव्हेच. ती जमिनीत बिळे करून राहणारी एक खार आहे. स्कॉटलंडचे निसर्गतज्ज्ञ जॉन रिचर्डसन यांच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्या अंगणातल्या खारीसारखी झुपकेदार शेपटी तिला नाही, पाठीवर पट्टेही नाहीत. वर्षाचा बराचसा काळ ती जमिनीखाली झोपून काढते. नर तर उन्हाळा ऐन भरात येण्याआधीच बिळात जाऊन झोपी जातात. या मैदानात गहू यायच्या कितीतरी आधीपासून तिची वस्ती होती. बिज्जूच्या जातीचा बॅजर, ससाणे, कोल्हे तिच्यावर जगत. बिळात राहणारे एक घुबड तिची सोडलेली बिळे वापरत असे.

माणसाचा इतिहासही तेथे गव्हापासून सुरू होत नाही. ही भूमी ब्लॅकफूट आणि इतर आदिम राष्ट्रांची. १८७७ साली ब्रिटिश राजसत्तेच्या वतीने त्यांच्याशी सातवा करार झाला आणि दक्षिण अल्बर्टाचे मैदान बाहेरून येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मोकळे झाले. त्याआधीच, १८७२ साली, कॅनडा सरकारने जमीनवाटपाचा कायदा केला होता. दहा डॉलर नोंदणी शुल्क भरावे, १६० एकर जमीन घ्यावी, तेथे राहून ती नांगरावी, म्हणजे ठराविक वर्षांनी ती आपल्या मालकीची होईल, असा तो व्यवहार होता. जमिनीची मोजणी मैलभर लांबीरुंदीच्या चौकोनांत झाली. आम्ही ज्या काटकोनी रस्त्यांवरून आलो ते त्याच मोजणीचे. युरोपातून आणि अमेरिकेतून भूमिहीन माणसे आगगाडीने येथे उतरली. अल्बर्टा हा स्वतंत्र प्रांत झाला तो १९०५ साली.

या नव्या शेतकऱ्याची आणि गोफरची गाठ पहिल्याच वसंतात पडली. कोवळा गहू उगवला की गोफर तो खाऊन टाकी. त्याच्या बिळांत घोड्यांचे व गुरांचे पाय अडकत. त्यातून एक युद्धच सुरू झाले. विष, सापळे, बिळात पाणी ओतणे, सारे उपाय झाले. शेपटीमागे पैसे देण्याची प्रथा पडली आणि शाळकरी मुलांच्या खाऊची सोय झाली. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १ मे १९१७ रोजी, शेजारच्या सस्कॅचेवन प्रांतात शाळांनी 'गोफर दिन' साजरा केला. युद्धासाठी गहू हवा होता. तो खाणारा गोफर म्हणजे जणू शत्रूचा सैनिकच. त्या एका दिवसात मुलांनी पाच लाखांहून अधिक गोफर मारले. एवढे होऊनही गोफर संपला नाही. या प्राण्यावर स्ट्रिक्नीन हे जहाल विष वापरण्यास कॅनडाच्या आरोग्य खात्याने मनाई करण्याचा निर्णय दिला तो २०२० साली, आणि तेव्हाही अल्बर्टाच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध तक्रार केलीच. शंभरहून अधिक वर्षे चाललेले हे वैर आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या काचेच्या पेट्यांतला विनोद कळत नाही. आपला सर्वांत जुना शत्रू त्यांनी आपल्याच कपड्यांत उभा केला आहे.

परंतु गावाला खरा धोका गोफरकडून नव्हता. या मैदानातली गावे वसली ती आगगाडीच्या आधाराने. शेतकऱ्याने घोडागाडीत गहू भरून निघावे, तो रेल्वेच्या कडेच्या उंच लाकडी कोठारात टाकावा आणि अंधार पडायच्या आत घरी परतावे, अशा बेताने लोहमार्गावर ठिकठिकाणी स्थानके आणि कोठारे उभी राहिली. कोठाराभोवती दुकान, दुकानाभोवती शाळा, चर्च, न्हावी, बँक, बिलियर्ड्सचे टेबल. १९३०च्या दशकात कॅनडाच्या गव्हाळ प्रांतांत अशी पाच हजारांहून अधिक कोठारे होती. सपाट मैदानावर ती फार दुरून दिसत. आपल्याकडे चर्चचा मनोरा दिसला की गाव आले असे समजावे, तसे तेथे कोठार.

मग ट्रक आले, पक्के रस्ते आले, शेते मोठी झाली आणि शेतकरी कमी झाले. १८९७ साली कॅनडियन पॅसिफिक रेल्वे आणि सरकार यांच्यात झालेल्या करारामुळे गव्हाच्या वाहतुकीला सवलतीचा दर मिळत असे. त्या व्यवस्थेचा उरलासुरला आधार, म्हणजे सरकारी अनुदान, १९९५ साली बंद करण्यात आला. रेल्वेने आडबाजूचे फाटे बंद केले. लाकडी कोठारे पाडली गेली आणि मोठ्या गावांजवळ काँक्रीटची अजस्र कोठारे उभी राहिली. कोठार गेले की दुकान जाते, दुकान गेले की शाळा ओस पडते. एका पिढीत गावेच्या गावे नकाशावरच्या नावापुरती उरली.

हे सारे घडत असताना टॉरिंग्टनच्या लोकांनी एकत्र बसून विचार केला, की वाटसरू आपल्या गावात थांबावा यासाठी आपल्यापाशी आहे तरी काय? डोंगर नाही, सरोवर नाही, किल्ला नाही, कोणी थोर पुरुष येथे जन्मला नाही. विपुल होते ते एकच: गोफर! हा विचार मांडला गेला तेव्हा बैठकीत हशा पिकला असेलच. पण पुष्कळ गावांत अशी सूचना हशाबरोबर विरून गेली असती. येथे ती अमलात आली. १९९६ साली संग्रहालय उघडले. म्हणजे वाहतुकीचे अनुदान बंद झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी.

उघडण्याच्या सुमारासच ते जगभर गाजले, आणि तेही विरोधकांमुळे. प्राण्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या 'पेटा' या संस्थेने या प्रकाराचा निषेध केला. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. देशोदेशींहून संतापाची पत्रे या चिमुकल्या गावात येऊन पडू लागली. गावाने निषेधकर्त्यांना एका पत्रावर दोनच शब्दांचे उत्तर धाडले. इंग्रजीत त्याचा एक अर्थ 'चालते व्हा' असा होतो आणि शब्दशः अर्थ 'स्वतःत पेंढा भरून घ्या' असा! पैसे खर्चूनही जी जाहिरात झाली नसती ती त्या भांडणाने फुकटात झाली. संग्रहालयाने ती संतापाची पत्रेही जपून ठेवली. इतकेच नव्हे, तर पेंढा भरण्याविरुद्ध फलक घेऊन निदर्शने करणारा एक गोफरही पेटीत बसविला. त्याच्यातही पेंढाच भरलेला आहे, हे सांगायला नको.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. आपण हसलो, पण ते हसणे योग्य होते काय? त्या दिवशी काचेपुढे उभा असताना हा प्रश्न मला चाटून गेला होता, आणि तो मी वाचकांपासून लपवून ठेवणार नाही. रस्त्याच्या कडेला ताठ उभा राहून शीळ घालणारा तो जीव, आणि पेटीतला हा काचेच्या डोळ्यांचा देह. या दोहोंत केवढे अंतर आहे! आसिसीच्या संत फ्रान्सिसने पाखरांना प्रवचन दिले. येथे प्रवचन करणारा जीव स्वतःच मृत आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकातून आपल्याला स्मरण दिले, की प्रत्येक प्राणिमात्राला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल असते. केवळ माणसाच्या उपयोगी पडतो म्हणून ते मोल येत नाही. त्या पत्रलेखकांचे म्हणणे मला सर्वस्वी खोटे वाटत नाही.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या शेतांत हे गोफर पकडले गेले, तेथे असंख्य गोफर दरवर्षी विषाने मरत होते आणि त्यांच्यासाठी कोणी एक ओळही लिहीत नव्हते. शहरात बसून पाव खाणाऱ्या माणसाच्या पावात त्या विषाचा वाटा असतोच. टॉरिंग्टनच्या शेतकऱ्याने निदान आपले वैर उघडपणे मांडले. त्या उत्तरातला उद्धटपणा मी मान्य करीत नाही. पण त्यामागचे दुःख मला समजते. गाव मरत होते तेव्हा जगातून एकही पत्र आले नाही. पत्रे आली ती गोफरसाठी.

प्राण्यांना माणसांच्या वेषात उभे करण्याची ही कल्पना टॉरिंग्टनची स्वतःची नव्हे. पंचतंत्रातल्या करटक-दमनक या कोल्ह्यांपासून आपण ती ओळखतो. युरोपातील मध्ययुगीन चर्चेसमध्ये उपासकांच्या लाकडी आसनांखाली कोरीव काम असे. इंग्लंडमधील रिपनच्या महामंदिरात तशा एका आसनाखाली कोल्हा पक्ष्यांना प्रवचन देताना दाखविला आहे. म्हणजे प्रवचनकारांची थट्टा चर्चने आपल्याच छताखाली, आपल्याच खर्चाने करून ठेवली आहे. त्यामुळे त्या गोफर-पाळकाकडे पाहून मला राग येण्याचे कारण नव्हते.

पेंढा भरलेल्या प्राण्यांचे विनोदी देखावे १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात हेरमान प्लूके या जर्मन कारागिराने मांडले आणि लोकांनी त्यांपुढे गर्दी केली. पुढे इंग्लंडच्याच ससेक्स परगण्यातील ब्रॅम्बर या खेड्यात वॉल्टर पॉटर नावाच्या तरुणाने १८६१ साली असे एक संग्रहालय उभे केले. त्यात सशांची शाळा होती. अठ्ठेचाळीस ससे बाकांवर बसून पाट्या घेऊन अभ्यास करीत. मांजरीच्या पिलांचे लग्न होते, नवरीमुलीच्या अंगावर रीतसर शुभ्र झगा. पॉटर १९१८ साली वारला. त्याचे संग्रहालय पुढे अनेक दशके टिकले. पण १९७०च्या दशकात ते ब्रॅम्बर सोडून गेले, एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरत राहिले, आणि शेवटी कॉर्नवॉलमध्ये २००३ साली लिलावात तुकड्यातुकड्यांनी विकले गेले. किंमत भरपूर आली, पण संग्रह संपला. ससे एकाच्या घरी गेले, मांजरे दुसऱ्याच्या.

पॉटरचे आणि टॉरिंग्टनचे काम वरवर सारखे दिसते. पण माझ्या मते त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पॉटरचे देखावे बालगीतांवर आणि कल्पनेवर आधारलेले होते. ते कोठेही नेता येत होते, म्हणून ते विकताही आले. टॉरिंग्टनच्या पेट्यांत टॉरिंग्टनच आहे. तो न्हावी, ती बँक, ते बिलियर्ड्सचे टेबल, ते चर्च हे या मैदानातल्या गावांचे रोजचे जीवन होते. त्यांतले पुष्कळसे आता त्या पेट्यांबाहेर शिल्लक नाही. गावाने स्वतःचे चरित्र लिहिले, फक्त पात्रे गोफरची घेतली. प्रत्येक माणसाचा पुतळा उभा करण्याइतके आपण थोर नाही, हे त्यांना माहीत होते. पण विसरले जाण्याइतके क्षुद्रही नाही, असे त्यांना वाटत असावे. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे विनोद. हसत सांगितलेल्या गोष्टीत शोक मावतो आणि ऐकणाऱ्याला त्याचे ओझेही होत नाही.

एका गोष्टीची नोंद केलीच पाहिजे. संग्रहालय उघडले १९९६ साली, आणि १९९७ सालच्या अखेरीस टॉरिंग्टनचा गाव म्हणून असलेला कायदेशीर दर्जा संपुष्टात आला. त्याचा स्वतंत्र कारभार विसर्जित होऊन ते नीहिल परगण्यातली एक वस्ती झाले. विनोदाने गावाचा दर्जा वाचविला नाही. मात्र नाव वाचविले. आसपासच्या ज्या वस्त्यांपाशी हसण्यासारखे काही नव्हते, त्यांची नावे दुरून येणाऱ्या प्रवाशाला ठाऊक नाहीत. टॉरिंग्टनवर २०१५ साली एक माहितीपटही निघाला. आणि वसईचा एक धर्मगुरू वाट वाकडी करून तेथे जाऊन आला.

ही दर्जा गेल्याची हकिकत यजमानांनी मला संग्रहालयाच्या बाहेर, मोटारीपाशी उभे राहून सांगितली. मग ते म्हणाले, "फादर, म्हणूनच तुम्हांला इथे आणले. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि आपल्याकडच्या कितीतरी ग्रामपंचायती संपल्या, तेव्हा मी इथेच होतो. फोनवर बातमी कळली. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर गेलो. कोणाला सांगणार? इथे कोणाला काय कळणार? पुढे एकदा मुलांना घेऊन इथे आलो. सगळे हसत होते. मी मात्र बाहेर येऊन गाडीत बसून राहिलो."

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. धर्मगुरूच्या आयुष्यात असे प्रसंग पुष्कळ येतात आणि तेव्हा गप्प राहणे हेच बहुधा योग्य असते. परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मीच विचारले, "समजा, तुमच्या गावाच्या अशा पेट्या करायच्या ठरल्या, तर पहिल्या पेटीत काय ठेवाल?"

ते विचारात पडले. मग एकेक पेटी सांगू लागले. पहाटेच्या अंधारात भाजीची टोपली डोक्यावर घेऊन गाडी पकडायला निघालेली आई. विहिरीवरचा रहाट आणि त्याच्या मागे फिरणारा बैल. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात वाजणारा बँड आणि ताल चुकला म्हणून वाजवणाऱ्यांवर ओरडणारे काका. पावसाळ्यात चर्चच्या दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आणि मिस्सा संपल्यावर त्यांतली चांगली छत्री नेमकी कोण उचलून नेई, हे सगळ्यांना माहीत असूनही कोणी न बोललेले. एवढे सांगताना ते हसू लागले होते, आणि मागच्या बाकावर मुलेही कान देऊन ऐकू लागली होती. आजीची टोपली केवढी होती? बैलाचे नाव काय होते? छत्री कोण चोरत असे? प्रश्नांवर प्रश्न येऊ लागले. आपल्या वडिलांच्या गावाविषयी इतके प्रश्न त्या मुलांनी पूर्वी कधी विचारले नव्हते, असे यजमानांनी मला नंतर सांगितले.

आपल्या पूर्वजांचा इतिहास लिहायचा तर आपण बहुधा थोरांचा लिहितो, शिलालेखांचा लिहितो, चर्च कोणत्या शतकात बांधले गेले ते लिहितो. ते आवश्यकच आहे. पण बैलाचे नाव कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ते सांगणारी माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे लागते, आणि शक्य तर हसत हसत, कारण हसणारा माणूस अधिक आठवतो. टॉरिंग्टनच्या शेतकऱ्यांनी ते वेळेवर केले. त्यांची सामग्री आपण घेऊ नये. त्या मुक्या जीवांना आपण त्यांच्या बिळांत सुखाने राहू द्यावे. पण त्यांची तत्परता घेण्यासारखी आहे.

कॅल्गरीच्या अलीकडे धाकट्या मुलाने पुन्हा विषय काढला. "पप्पा, चर्चच्या पेटीत फादरना ठेवायचे का?"

"ठेवायचे की," यजमान म्हणाले. "फादर प्रवचन करताहेत आणि मागच्या बाकावर सगळे घड्याळ बघताहेत."

त्या पेटीला माझी संमती आहे.